दारातला उजेड

दोस्तांनो, दिवाळी जवळ आली की आपल्या या कॅमेऱ्याच्या सदराला येणाऱ्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच प्रश्नाची असतात : “काका, कोणता कॅमेरा घेऊ?” कुणाला सहामाहीत चांगले मार्क पडलेले असतात, कुणाला मामानं पैसे दिलेले असतात, तर कुणी वर्षभर डब्यात नाणी टाकलेली असतात. मी दोन ओळींत उत्तर देतो आणि मोकळा होतो. या वेळी मात्र एक पत्र असं आलं, की त्याचं उत्तर दोन ओळींत मावेना. म्हणून आजचं सगळं पान त्यालाच देतोय.

पत्र आलंय बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातून. लिहिणारी मुलगी आठवीत आहे. ‘नाव छापू नका’ असं तिनं बजावलंय, म्हणून नाव सांगत नाही. तिचे आईबाबा ऊसतोडीला जातात. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दर वर्षी दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात साखर कारखान्यांचा ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, त्यामुळे हंगाम संपेपर्यंत परत फिरता येत नाही. पाच-सहा महिने रानातल्या कोपीत राहायचं. काही मुलं आईबाबांबरोबर जातात, काही शाळेसाठी आजी-आजोबांजवळ मागं राहतात. आपली ही मैत्रीण मागं राहणाऱ्यांतली.

ती लिहिते : “काका, गेल्या वर्षी निघायच्या दिवशी मी दादाच्या मोबाइलवर आईबाबांचा फोटो काढला. दोघांची तोंडं काळी आली. पुढं तो मोबाइल पाण्यात पडला आणि तो काळा फोटोसुद्धा गेला. या वर्षी मला वक्तृत्व स्पर्धेत दोन हजार रुपये बक्षीस मिळालंय. आजी म्हणते, दोन हजार मी घालते. चार हजारात चांगला कॅमेरा येतो का? घरात आत्याचा जुना मोबाइल आहे, पण तो फक्त ८ मेगापिक्सेलचा आहे. ते निघायच्या आत उत्तर द्या.”

पोरी, तुला सरळच सांगतो. हे पैसे कॅमेऱ्यावर घालू नकोस. चार हजारात ‘नवा कॅमेरा’ म्हणून जे खोकं मिळतं, त्यापेक्षा आत्याचा मोबाइल चांगला फोटो काढेल. तुझ्या कामाला तो पुरेसा कसा आहे, हे आता हिशोबानं बघू. बाकीच्यांनीही कागद-पेन्सिल घ्या बरं!

८ मेगापिक्सेल म्हणजे किती?

डिजिटल फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. १० लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. कागदावरचा फोटो डोळ्याला सलग दिसायला एका इंचात साधारण ३०० ठिपके पुरतात. स्टुडिओत मिळणारा नेहमीचा फोटो असतो ४ बाय ६ इंचांचा. म्हणजे उभे १२०० आणि आडवे १८०० ठिपके. गुणाकार करा : २१ लाख ६० हजार. दोन मेगापिक्सेलपेक्षा थोडे जास्त! आत्याच्या मोबाइलमध्ये आहेत ८० लाख. जवळजवळ चौपट!

आणि हे ऐका. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. त्याचं वजन होतं सुमारे साडेतीन किलो. एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरवायला २३ सेकंद लागत. आणि त्या काळ्या-पांढऱ्या फोटोत ठिपके किती? फक्त १० हजार! त्यापुढे तुझ्या हातातलं यंत्र राजाच म्हणायचं.

मग गेल्या वर्षीचा फोटो बिघडला का? ठिपके कमी पडले म्हणून नव्हे, उजेड चुकीच्या बाजूला होता म्हणून.

तोंडं काळी का आली?

मी पैज लावतो, आईबाबा दारात पाठमोऱ्या अंगणापुढं उभे असणार आणि तू घरात असणार. किंवा त्यांच्यामागं उन्हात तळपणारं आभाळ असणार. आपला डोळा फार हुशार. तो लख्ख अंगण आणि सावलीतला चेहरा, दोन्ही एकदम बघू शकतो. कॅमेऱ्याला ते नीट जमत नाही. चौकटीत भरपूर उजेड दिसला की तो म्हणतो, ‘बाप रे, फारच ऊन आहे, उजेड कमी घेऊ.’ अंगण छान येतं आणि माणसं काळी पडतात.

बीडकडच्या दुपारी दुसरीही गंमत होते. ऊन डोक्यावरून येतं. मग कपाळ चमकतं आणि डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे दिसतात. बाबांच्या डोक्यावर टोपी असली आणि आईनं पदर पुढं ओढलेला असला, तर विचारायलाच नको.

उंबऱ्याच्या आत उभं करायचं

उपाय बिनपैशाचा आहे. गेल्या वर्षीच्या जागा उलट्या करायच्या. आईबाबांना दाराच्या आत, उंबऱ्यापासून हातभर मागं, अंगणाकडं तोंड करून उभं कर. तू अंगणात, अंगणाकडं पाठ करून. अंगावर थेट ऊन पडता कामा नये, नुसता अंगणातला उजेड आत यायला हवा. हा उजेड मऊ असतो. तो समोरून येतो आणि डोळ्यांत उतरतो. मागं घरातला अंधार असतो, त्यामुळे चेहरे उठून दिसतात आणि मागची उतरंड, दोरीवरचे कपडे आपोआप नाहीसे होतात.

सकाळी आठ-नऊची किंवा दुपारी साडेचारनंतरची वेळ उत्तम. निघायच्या दिवशी नको. त्या दिवशी ट्रक दारात उभा असतो, मुकादमाची घाई असते, आईचं लक्ष बोचक्यांत असतं. दोन दिवस आधी, चहा झाल्यावर काढ.

चेहऱ्याच्या खालच्या बाजूला सावली वाटली तर अंगणात, दारासमोर, बाजेवर पांढरी चादर अंथर. तिच्यावर पडलेला उजेड उसळून वर चेहऱ्यावर जातो. मोठे फोटोग्राफर यासाठी ‘रिफ्लेक्टर’ विकत घेतात. काम तेच!

आता एक सावधगिरी. मागं अंधार असल्यामुळे कॅमेरा उलटी चूक करेल. ‘फार अंधार आहे’ असं समजून तो उजेड वाढवेल आणि चेहरे पांढरेफटक येतील. म्हणून पडद्यावर आईच्या चेहऱ्यावर बोट टेकव. बहुतेक मोबाइलमध्ये शेजारी छोटा सूर्य दिसतो. तो बोटानं किंचित खाली ओढ, चेहऱ्याचा खरा रंग दिसेपर्यंत.

ज्वारीची पिशवी

सावलीत उजेड कमी, म्हणून कॅमेरा आपली खिडकी जास्त वेळ उघडी ठेवतो. तेवढ्यात हात हलला की फोटो पुसट! यावर उपाय म्हणजे तिपाई, म्हणजे ट्रायपॉड. पण तुझ्या घरात त्याहून सोपी वस्तू आहे. कापडी पिशवीत किलो-दोन किलो ज्वारी भर, तोंड घट्ट बांध. ती स्टुलावर किंवा पालथ्या डब्यावर ठेव आणि तिच्यात मोबाइल रुतवून बसव. दाणे सरकून मोबाइलला धरून ठेवतात. जंगलात फोटो काढणारेसुद्धा अशीच दाण्यांची पिशवी जीपच्या खिडकीवर ठेवतात. मोबाइल उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर यायला हवा. खालून काढलं तर हनुवट्या मोठ्या दिसतात, फार वरून काढलं तर माणसं बुटकी.

क्लिक करण्याआधी हे पाच नेम पाळ :

१. मोबाइलची काच धुतलेल्या मऊ सुती कापडानं पूस. धुरकट फोटोंचं कारण पुष्कळदा बोटाचं तेलच असतं.

२. फार जवळ जाऊ नकोस. जवळून नाक मोठं दिसतं. सहा-सात फूट लांब राहा. नंतर थोडं कापावं लागलं तरी ठिपके पुरतील, हिशोब आपण केलाय.

३. फ्लॅश बंद.

४. मोबाइल आडवा धर आणि डोक्यावर व खाली थोडी जागा सोड. मोबाइलचा फोटो आणि ४ बाय ६ चा कागद यांचं माप जुळत नाही. आडव्या फोटोच्या उंचीतला नववा हिस्सा कापला जातो. तेवढ्यात बाबांची टोपी जायला नको!

५. एकावर थांबू नकोस, दहा काढ. कुणाचे ना कुणाचे डोळे मिटतातच.

फोटो जपायचा कसा?

माझीही एक गोष्ट सांगतो. मी एकदा घरातल्या एका लग्नाचे सगळे फोटो एकाच मेमरी कार्डात ठेवले. ‘उतरवू सावकाश’ म्हणत महिना घालवला. एके दिवशी ते कार्ड उघडेनाच. त्या लग्नात काढलेला माझ्या आजोबांचा शेवटचा फोटोही त्यातच होता. तेव्हापासून माझा नियम असा : फोटो एका जागी असेल तर तो नाहीच असं धरायचं. दोन जागी हवा, आणि त्यातली एक जागा कागद हवी.

म्हणून तुझ्या बक्षिसातले थोडे पैसे इथं खर्च कर. तालुक्याच्या स्टुडिओत मोबाइल घेऊन स्वतः जा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवलास तर तो ठिपके कमी करून पाठवतो. पाठवायचाच झाला तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव.

मग कॅमेरा कधीच घ्यायचा नाही?

घ्यायचा की! पण मोबाइल जिथं थकतो ते काम करायचं ठरल्यावर. तुमच्याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ सालापासून. मोर नाचतो पावसाळी हवेत, म्हणजे उजेड कमी. तो लांब असतो आणि सारखा हलतो. तिथं मोबाइलचा झूम काढला की मोराचा हिरवा डाग होतो, कारण तो झूम म्हणजे नुसती कापाकापी. तिथं ३०० मिलिमीटरची लांब भिंग आणि सेकंदाच्या पाचशेव्या भागात उघडझाप करणारा कॅमेरा हवा. मोराचा पाठलाग मात्र करायचा नाही, अंडी-पिल्लांच्या जवळ जायचं नाही. तो बिचकून पळाला तर फोटो फसला असंच समजायचं.

पालकांना दोन शब्द. मुलाची किंवा मुलीची आवड वर्षभर टिकली, तर नव्याच्या मागं न लागता वापरलेला डीएसएलआर बघा. हल्ली बरेच हौशी लोक मिररलेस कॅमेऱ्याकडं वळलेत, त्यामुळे जुने डीएसएलआर विकायला निघतात. घेताना तीन गोष्टी तपासा. भिंगात टॉर्च मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर नको म्हणा. एफ-१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, त्यात काळे डाग म्हणजे आत धूळ. आणि शटर आजवर किती वेळा उघडलंय तो आकडा विचारा. घरी आणल्यावर धुळीच्या वाऱ्यात भिंग बदलू नका, तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे कण बसतात. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. आणि कॅमेरा उन्हात उभ्या गाडीत कधीही विसरू नका.

शेवटची गोष्ट

पोरी, तुझ्या पत्रात एक चूक आहे. तू आईबाबांचा फोटो काढणार म्हणतेस, स्वतःजवळ ठेवायला. पण लांब जाणार आहेत ते. तिकडं कोपीत संध्याकाळी त्यांनी कुणाचा फोटो बघायचा?

तेव्हा दहा सेकंदांचा टायमर लाव, मोबाइल ज्वारीच्या पिशवीत बसव आणि पळत जाऊन आईच्या नि आजीच्या मधे उभी राहा. एकाच फोटोच्या दोन प्रती काढ. एक आजीच्या भिंतीवर. दुसरी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आईच्या पेटीत, कपड्यांच्या घडीत, कोपीतल्या ओलीपासून जपून. मागं पेन न रेटता तारीख आणि सगळ्यांची नावं लिही. उरलेले पैसे पोस्टात ठेव. मोराचं पुढं बघू.

बाकीच्या दोस्तांना या आठवड्याचा गृहपाठ : घरातल्या एकाच माणसाचे तीन फोटो काढा. एक भर उन्हात, एक घरातल्या दिव्याखाली, एक उंबऱ्याच्या आत. आधी त्यांना विचारून, बरं का! तिन्ही शेजारी ठेवा आणि त्यांनाच विचारा, ‘यातले तुम्ही कोणते?’ काय उत्तर मिळालं ते मला कळवा.