मॉइश्चर मीटरचीच आधी तपासणी करा

सोयाबीन महागावला न्या, उमरखेडला न्या की पुसदला, भावाच्या आधी एकच प्रश्न येतो: मॉइश्चर किती? खरेदीदार मूठभर दाणे डब्यात ओततो, बटण दाबतो आणि पडद्यावर 13.4 उमटतं. त्या आकड्यावर आपण वाद घालत नाही, कारण तो यंत्राने दिलेला असतो. माझं आवाहन एवढंच आहे, की वाद घालू नका, पण आकडा तपासून घ्या.

मुळात हे यंत्र दाण्यातलं पाणी मोजतच नाही. ते दाण्यांचा विजेला मिळणारा प्रतिसाद मोजतं. पाण्याचा प्रतिसाद कोरड्या दाण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यावरून आतलं कोष्टक ओलाव्याचा अंदाज बांधतं. खरं मोजमाप भट्टीत होतं. सोयाबीन दळायचं, 10 ग्रॅम तोलायचं, 103 अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत तापवायचं. 1.2 ग्रॅम उडून गेलं तर ओलावा 12 टक्के. याला वेळ लागतो, म्हणून बाजारात मीटर आलं. ते सोयीचं आहे, वाईट नाही. पण अंदाज सांगणाऱ्याची अधूनमधून खऱ्याशी गाठ घालून द्यावी लागते.

एका टक्क्याने काय होतं ते बघा. 13 टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलमध्ये 87 किलो कोरडा माल असतो. तोच 12 टक्क्यांवर आणला तर वजन 98.86 किलो भरतं. म्हणजे एका टक्क्याची न्याय्य कपात साधारण 1 किलो 140 ग्रॅम. 2025-26 च्या 5,328 रुपये हमीभावाने हे क्विंटलमागे 60 रुपये होतात, तीस क्विंटलला 1,800. कोणी यापेक्षा जास्त कापत असेल तर हिशेब मागा. हमीभाव केंद्रावर तर मर्यादेच्या काठावरचा माल एका चुकीच्या टक्क्याने परत फिरतो. 2024 च्या हंगामात केंद्र सरकारने ही मर्यादा 12 वरून 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. पण मर्यादा कुठेही असो, काठ असतोच.

चूक शिरते ती बहुतेक वेळा नमुन्यातून. ट्रॉलीच्या वरच्या पोत्यावर रात्री दव पडलेलं असतं, खालचं कोरडं असतं. म्हणून वर, मधे, खाली अशा ठिकाणांहून दाणे काढून ताडपत्रीवर कालवा. मातीच्या नमुन्याला करता तसेच चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका, उरलेले पुन्हा कालवा. उन्हातून आलेला गरम माल लगेच मोजू देऊ नका, सावलीत निवू द्या. पडद्यावर पीक सोयाबीनच निवडलंय का, बॅटरी उतरलेली नाही ना, हेही पाहा. तुरीच्या कोष्टकावर सोयाबीन मोजलं तर आकडा भलताच येईल. आणि आदल्या दिवशी घाईने वाळवलेला दाणा वरून कोरडा आणि आतून ओला असतो, तो मीटरला फसवतो. तेव्हा फायदा तुमचा होतो हे खरं, पण तो माल थप्पीत गरम होतो.

तीन वेळा मोजायला सांगा. अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक आला तर पुन्हा. मात्र तिन्ही आकडे सारखे आले म्हणून ते बरोबर ठरत नाहीत. दहा मिनिटं मागे असलेलं घड्याळ रोज तितकंच मागे असतं. साधी गफलत कधी तुमच्या बाजूने पडेल, कधी समोरच्याच्या. जी नेहमी एकाच बाजूला पडते ती यंत्राची खोड असते. लबाडीचा आरोप करण्याआधी तिच्याकडे बोट दाखवा.

ती पकडायची कशी? एकाच कालवलेल्या मालातून हवाबंद बरण्या काठोकाठ भरा. एक बरणी भट्टी आणि अचूक तराजू असलेल्या प्रयोगशाळेत द्या, बाकीच्या सावलीत ठेवा. खरा आकडा हाती आला की तोच माल गावातल्या, बाजारातल्या प्रत्येक मीटरवर मोजा. शक्यतो दोन माल घ्या, एक दहाच्या आसपासचा, दुसरा चौदाच्या. काही मीटर कोरड्यावर बरोबर आणि ओल्यावर चुकीचं बोलतात. हा खर्च एकट्याने करू नका. गट असेल, शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर हंगामाच्या सुरुवातीला एकदाच करा आणि फरक कागदावर लिहून बाजार समितीच्या सचिवांकडे द्या. पट्टीवर मॉइश्चरचा आकडा लिहून घ्यायची सवयही लावा. तोंडी आकड्याची तक्रार होत नाही.

कापसाला बरणीची युक्ती नीटशी चालत नाही, कारण कापूस किती दाबला त्यावर आकडा बदलतो. तिथे दाब प्रत्येक वेळी सारखा असावा एवढा आग्रह धरा, आणि सकाळच्या दवातली वेचणी वेगळी ठेवा. भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) 8 टक्क्यांच्या वर टक्क्यामागे कपात करते आणि 12 च्या वर घेतच नाही.

बरणीवर भरल्याची तारीख मात्र लिहा. फार जुना झालेला ओला दाणा बुरशी धरू शकतो, मग तो साक्षीला चालत नाही.