टपाची टपटप

पाऊस सुरू झाला की मावळात दोन गोष्टी हमखास दिसतात. भुशी डॅमच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि त्या रांगेत ऐटीत उभ्या असलेल्या थार, जिप्सी आणि जुन्या जीप. बाहेरून सगळं कसं एकदम जाहिरातीसारखं! चिखल उडालेले टायर, मागे हिरवागार डोंगर, हातात भाजलेलं कणीस. आतलं चित्र मात्र कुणी फोटोत टाकत नाही. मागच्या सीटवरच्या मैत्रिणीनं डोक्यावर टॉवेल घेतलेला असतो आणि पुढे बसलेला हीरो नॅपकिननं डॅशबोर्ड टिपत असतो. टप गळतोय, बॉस!

महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जमान्यातल्या जीपच्या डोक्यावर कॅनव्हासचं हूड असायचं. पावसात थोडं भिजायचं, हे मालकानं गृहीतच धरलेलं. १९८५ ला जिप्सी आली ती सॉफ्ट टॉप घेऊन, पुढे तिच्यात हार्ड टॉपही मिळायला लागला. २०१० ची थार पुन्हा कॅनव्हासवाली होती, म्हणून हौशी मंडळींनी बाहेरून फायबरचे टप बसवून घेतले. २०२० च्या २ ऑक्टोबरला नवी थार आली तेव्हा कुठे कंपनीचंच हार्ड टॉप मिळालं. कॅनव्हास गळला तर कुणी तक्रार करत नाही. पण टप कडक झाला की आपली अपेक्षा थेट घराच्या स्लॅबची होते. गोची इथेच आहे.

साध्या कारचं छप्पर बॉडीला वेल्ड केलेलं असतं. काढता येणारा टप म्हणजे मात्र एक मोठ्ठं झाकण. खाली रबराचं बीडिंग, वर टप, आणि दोघांना धरून ठेवणारे बोल्ट. घरातला कुकर आठवा. रिंग चपटी झाली की वाफ कडेनं निघते, शिट्टी काही होत नाही. इथे वाफ बाहेर जायच्या ऐवजी पाणी आत येतं, एवढाच फरक.

हे सगळं प्रॅक्टिकलसकट बघायला मिळालं ते वराळ्यात. तळेगावला लागून असलेल्या या गावात माझा मावसभाऊ राहतो. चाकण आणि तळेगावच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्यांना सोयीचं गाव. लोणावळ्यासारखा वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस इथे पडत नाही, पण झिमझिम लागली की दिवस दिवस थांबत नाही. दादाकडे आमच्या काकांची फायबर टपाची जुनी जीप आहे. काका गेले त्याला आता तीन वर्षं होतील. दादा रोज बसनं कामाला जातो, जीप फक्त रविवारी निघते.

तर ही जीप गळत होती. नेमकी वहिनीच्या डाव्या गुडघ्यावर. एका गॅरेजवाल्यानं पुढच्या काचेवरच्या फटीत सिलिकॉन भरून दिलं. चार दिवस बरं गेलं, मग थेंब गुडघ्यावरून पायाशी सरकला. पुन्हा सिलिकॉन. तिसऱ्या खेपेला सल्ला मिळाला, ‘टपच बदला, नाहीतर गाडी काढून टाका.’ तोवर गालिच्याला कुबट वास सुटला होता, पत्र्यावर गंजाचे फोड आले होते. भंगारापेक्षा जरा बरा भाव देणारं एक गिऱ्हाईकही दादानं शोधून ठेवलं होतं. दिवाळीच्या आत व्यवहार करायचा, असं ठरलंसुद्धा. मावशी यावर काही बोलली नाही. ती फक्त जेवताना उठून आत गेली.

वहिनी म्हणाली, ‘विकायची तर विका. पण पाणी येतं कुठून, ते तरी एकदा बघू या. भाऊजी, रविवारी या.’

आता फंडा ऐका. पाणी जिथे टपकतं, तिथून ते आत आलेलं असेलच असं नाही. आत शिरलेलं पाणी टपाच्या आतल्या बाजूला चिकटून सरकतं, लोखंडी पाइपवरून वाहतं, उतार मिळेल तिकडे जातं आणि जिथे त्याला धरून राहता येत नाही तिथे खाली पडतं. गाडी उतारावर उभी असेल तर थेंबाची जागा बदलते. ब्रेक दाबला की साचलेलं पाणी पुढे येतं. पळत्या गाडीत तर वाराच पाणी फटीत रेटतो. म्हणून थेंब बघून सिलिकॉन मारणं म्हणजे पोट दुखतंय म्हणून पोटावर बँडेड लावण्यासारखं!

मग शोधायचं कसं? आधी आतलं सगळं कोरडं करायचं, गालिचे बाहेर, टपाचं आतलं लायनिंग खाली. सगळ्या सांध्यांच्या खाली टाल्कम पावडरचा हात फिरवायचा. पाणी आलं की पावडरीत ओघळ उमटतो आणि त्याचा माग वरपर्यंत काढता येतो. एक माणूस टॉर्च घेऊन आत, दुसरा पाइप घेऊन बाहेर. पाइपाला नोझल नको, धार अगदी हळू. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप तर नकोच, तो धडधाकट गाडीतही पाणी घुसवेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुरुवात खालून करायची. आधी दाराच्या कडा, मग बाजूच्या काचा, मग टप आणि बॉडीचा सांधा, शेवटी माथा. प्रत्येक ठिकाणी पाचेक मिनिटं. वरूनच पाणी ओतलं तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही.

पार्किंगमध्ये गर्दी जमली. सोसायटीतल्या प्रत्येकाकडे एक उपाय तयार होता. दादा शांतपणे पाइप धरून होता. दारं कोरडी, काचा कोरड्या. पुढचा, सिलिकॉनवाला सांधासुद्धा कोरडा! शेवटी धार माथ्यावर गेली आणि आतून वहिनीचा आवाज आला, ‘थांबा! तिथेच धरा!’

ओघळ सुरू होत होता ड्रायव्हरच्या डोक्यामागे, उजवीकडे. तिथून टपाच्या आतल्या कण्यावरून पुढे, मग आडवा, आणि मग वहिनीच्या गुडघ्याच्या बरोबर वर. वरून पाहिलं तर तिथे एम-सील भरलेलं जुनं भोक. अशी चार भोकं होती. दादा इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर निघाला तेव्हा त्याची ट्रंक आणि गादी न्यायला काकांनी हौसेनं कॅरियर बसवला होता, त्याची ही भोकं. पुढे कॅरियर काढला आणि काकांनी स्वतःच ती बुजवली. तीन अजून ठणठणीत होती. चौथ्याच्या कडेला केसाएवढी भेग. फायबर उन्हात तापतं, रस्त्यावर थोडं लवतं. एम-सील मात्र दगडासारखं कडक, ते लवत नाही. इतक्या वर्षांत कड सुटली. दादा बराच वेळ त्या भोकावर बोट ठेवून उभा होता. मग म्हणाला, ‘पाना आण रे.’

दुरुस्तीत रॉकेट सायन्स नव्हतं. चारही भोकं खरवडून, पॉलिश पेपर मारून, आतून फायबर मॅट आणि इपॉक्सी रेझिन लावलं. बाहेरून लवचीक पॉलियुरेथेन सीलंट आणि त्यावर रंग. चौघांनी मिळून टप उचलला, जुन्या टायरांवर ठेवला. त्याआधी कागदाची टेस्ट केली होती. सांध्यात कागदाची पट्टी ठेवून टप कसायचा आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर रबर तिथे दाबच देत नाही. पुढच्या बाजूला पट्टी सुळकन आली, म्हणून तिथलं बीडिंग नवं. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या सिलिकॉनचा कण न् कण काढा, कारण त्याच्यावर धड काहीच चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. आणि बीडिंग ताणून बसवू नका. ताणलेलं रबर हळूहळू मूळ लांबीवर येतं आणि कोपऱ्यात फट सोडतं.

बोल्ट आधी सगळे हातानं लावायचे, मग समोरासमोरचे थोडे थोडे कसायचे. जोर दाखवायचा मोह आवरा. जास्त कसलं की रबर चेपतं आणि फायबरला तडे जातात. फ्लोअरच्या निचऱ्याची भोकं बुजवू नका. गालिच्याखालचा फोम उन्हात पूर्ण वाळवा, गंज तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साइड मारा. सगळा खर्च लोणावळ्यातल्या एका वीकएण्डच्या हॉटेल बिलापेक्षा कमी झाला.

आणि हो, सॉफ्ट टॉपवर बाहेरून हार्ड टॉप चढवायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते ठणकावून सांगितलंय. इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी नेमकं तेच काढतात.

दादानं गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्यानंतरच्या रविवारी भर पावसात तो मावशीला घेऊन तळेगाव स्टेशनला भाजी आणायला गेला. मावशी पुढे, डावीकडे बसली होती. उतरल्यावर तिनं साडीवरून हात फिरवून पाहिला. कोरडी होती. ‘तुझ्या बाबांनी भोकं पाडताना माप तरी घेतलं होतं का, कोण जाणे,’ एवढंच म्हणाली आणि मेथीची जुडी काढून दादाच्या हातात दिली.

आठवड्यानं बोल्ट पुन्हा एकदा तपासायचे असतात, नवं रबर जरा बसतं. तेवढं विसरू नका.