टाळ्या वाजवण्याआधी...

होस्टेलमध्ये मला सगळे ‘भाषणवाला’ म्हणतात. वक्तृत्व स्पर्धेच्या दोन ढाली माझ्या कपाटावर आहेत. कपाटाच्या आत मात्र एक छोटी डायरी आहे. तिच्यात लिहिलंय – पार्टनरचे देणे रु. ७,५००, पैकी दिले ३,०००. मित्रांनो, ढालींबद्दल पुष्कळ बोलून झालं. आज डायरीबद्दल लिहितो.

सेकंड इयरला असताना एका सीनियरच्या ओळखीने मी शहरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये ‘सेमिनार’ला गेलो. टाय लावलेला एक जण दीड तास बोलला. काय बोलला राव! आधी स्वतःची गरिबी सांगितली, एस.टी. स्टँडवर काढलेल्या रात्री सांगितल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, “तुमच्या बापाने अजून किती वर्षं रात्री-बेरात्री केळीला पाणी भरायचं?” हॉलमध्ये शांतता. माझ्या डोळ्यांत पाणी. मग पडद्यावर चेकचे फोटो, गाडीचे फोटो, आणि शेवटी घोषणा – ही संधी आज रात्री बारापर्यंतच! मी सही केली. प्रत्येकाने फक्त दोन माणसं आणायची, एवढंच काम.

माझा पहिला माणूस म्हणजे माझा रूम पार्टनर. तो साक्रीकडचा. मी तेच भाषण त्याला ऐकवलं, फक्त ‘केळी’ काढून ‘कापूस’ घातला. दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने पैसे आणून दिले. चार महिन्यांत सगळे फोन बंद झाले. पार्टनर भांडला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “तू सांगं म्हनीसन पैसा दिन्हात ना भो.”

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. त्याने कंपनीवर विश्वास ठेवलाच नव्हता. माझ्यावर ठेवला होता.

त्यानंतर मी भाषणांकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागलो. ग्रीसच्या ऍरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय, की माणसाचं मन वळतं ते तीन गोष्टींनी : बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मुद्द्यातला युक्तिवाद. आपल्या भाषेत सांगायचं तर ही थ्री फेज लाईन आहे. विहिरीवरच्या मोटारीची एक फेज गेली तर काय होतं, हे खानदेशातल्या पोराला सांगायला नको. मोटार गुरगुरते, तापते आणि शेवटी वायंडिंग जळतं. त्या हॉलमध्ये भावनेची फेज फुल्ल होती. पत उसनी होती, आमच्या सीनियरची. आणि युक्तिवादाच्या फेजमध्ये करंटच नव्हता!

खरं तर तिथे बसलेले आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. एक साधं गणित कोणी केलं नाही. एकाने दोन, दोघांनी चार, असं धरलं तर माझ्याखाली २१ पायऱ्या भरेपर्यंत एकूण माणसं होतात ४१,९४,३०३. आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे अख्ख्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या आहे ४२,२९,९१७! म्हणजे पाळण्यातल्या बाळापासून आजीपर्यंत सगळा जिल्हा जवळजवळ संपला. पुढची पायरी भरायला तेवढीच माणसं पुन्हा कुठून आणणार? असल्या साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, हेही मला नंतर कळलं.

मग मन वळवणं वाईटच का? मलाही तसंच वाटायला लागलं होतं. स्पर्धेला जाणं बंद केलं. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आजोबांचं एक जुनं पुस्तक हाती लागलं – विनोबांची ‘गीता प्रवचने’. माझ्या दृष्टीने तर ते भाषणकलेचंच पुस्तक निघालं. आणि ते घडलं आपल्या शेजारी, धुळ्याच्या तुरुंगात! १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक, अशी १८ प्रवचनं विनोबांनी तिथल्या कैद्यांपुढे दिली. आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. पडदा नाही, चेकचे फोटो नाहीत.

त्यातही तिन्ही फेज आहेत. विनोबा सुरुवात भावनेनेच करतात. गीतेशी आपलं नातं सांगताना आईच्या दुधाची आठवण काढतात. पण तिथे थांबत नाहीत. पहिल्याच प्रवचनात एका न्यायाधीशाची गोष्ट येते. शेकडो गुन्हेगारांना फाशी देणारा हा न्यायाधीश. एक दिवस त्याचा स्वतःचा मुलगा खुनी म्हणून समोर उभा राहतो, आणि न्यायाधीश एकदम तत्त्वज्ञान सांगायला लागतो, की फाशी कशी अमानुष आहे! विनोबा म्हणतात, अर्जुनाचं तसंच झालं. युद्ध वाईट, हे त्याला समोर आपली माणसं दिसल्यावरच सुचलं.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. माझंही तसंच नव्हतं का झालं? पार्टनरच्या कापसाची मला काळजी नव्हती. मला माझी दोन माणसं भरायची होती.

तेव्हापासून कोणतंही जोरदार भाषण ऐकलं की मी स्वतःला एक प्रश्न विचारतो, ‘मुलगा कोणाचा?’ म्हणजे, यात बोलणाऱ्याचं काय अडकलंय? ते अडकलं नसतं तर हा असाच बोलला असता का? मोटारीला सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतात ना, तसा हा प्रश्न.

पण इथे एक गफलत होऊ शकते. बोलणाऱ्याचा स्वार्थ आहे म्हणून त्याचा मुद्दा खोटाच, असं नाही. त्या न्यायाधीशाचं फाशीबद्दलचं म्हणणं मुळात बरोबरही असू शकतं. मेसवाला म्हणतो, डाळ-तेल महागलं, बिल वाढवा. त्यात त्याचा फायदा आहेच, पण डाळ खरंच महागली असेल तर? उत्तर सोपं आहे : पावत्या बघा. स्वार्थ दिसला की नाकारू नका, तपासा!

पतीचं काय? तीही भाषणात तयार होत नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचं काम बघत. मुलांची अंथरुणं आवरायची, कपडे धुवायचे, आणि हे सगळं न बोलता. अशा माणसाने मग दोन शब्द सांगितले तर मुलं का ऐकणार नाहीत? पत अशी हळूहळू साठते. पार्टनरच्या मनात माझी तशी थोडी पत होती, दीड वर्ष एका खोलीत राहून साठलेली. मी ती एका संध्याकाळी मोडून खाल्ली.

आणखी एक खूण सांगतो. गीतेत एवढं सगळं समजावून सांगितल्यावर शेवटी कृष्ण अर्जुनाला म्हणतो, नीट विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. तिकडे आमचा टायवाला म्हणाला होता, आज रात्री बारापर्यंतच. मन वळवणं आणि मान पिरगाळणं यातला फरक मला इथे दिसतो. जो तुम्हाला विचार करायला वेळ देत नाही, त्याला तुमच्या विचाराचीच भीती वाटत असते.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या कॉलेजात गॅदरिंगला वक्तृत्व स्पर्धा होते. सात मिनिटं बोला, बेल वाजली की खाली बसा, टाळ्या. त्यापुढे पाच मिनिटं श्रोत्यांना द्या. त्यांना प्रश्न विचारू द्या, आणि त्या उत्तरांनाही गुण ठेवा. चांगला प्रश्न विचारणाऱ्यालाही एक ढाल द्या की! बोलायला शिकवण्याची सोय आपल्याकडे आहे, ऐकायला शिकवण्याची नाही. आणि सर, मॅडम, प्रश्न तुम्हालाही आले तर रागावू नका, ही नम्र विनंती.

मी पुन्हा स्पर्धेत उतरणार आहे. पण आता भाषण लिहिलं की आधी पार्टनरला वाचून दाखवतो. तो पलंगावर पाय पसरून ऐकतो आणि मधेच विचारतो, “हाई खरं शे का भो?” खरं नसेल ते वाक्य मी खोडतो. दर महिन्याला ५०० प्रमाणे अजून नऊ हप्ते बाकी आहेत. पैसे फिटतील हो. बाकीचं फिटायला किती लागेल, ते त्याच्यावर आहे.