अंगण वाकडे नसते

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपल्या हौशी छायाचित्रकार मंडळींना अगदी चपखल लागू पडते. फोटो काळा आला की कॅमेरा बिघडला. हलला की भिंग खराब. निळसर आला की कंपनीच खोटी! वास्तविक बहुतेक वेळा कॅमेरा धडधाकट असतो. तो फक्त आज्ञाधारक असतो, आणि आज्ञा आधीच्या माणसाची असते.

आपल्या शिरूर-दौंड भागात विद्यार्थ्याच्या हाती कॅमेरा येतो तो सहसा चुलतभावाचा जुना, मित्राचा उसना किंवा महाविद्यालयाच्या कपाटातला. कुणीतरी रात्रीच्या कार्यक्रमासाठी आयएसओ ३२०० वर नेलेला असतो, बल्बचे चिन्ह निवडलेले असते, उजेडाच्या भरपाईचा आकडा उणे दोनवर आणलेला असतो. पुष्कळ कॅमेरे बंद केल्यावरही हे विसरत नाहीत. दुसऱ्या दिवशी भर उन्हात रांजणगावला गेलेला नवशिक्या मग हैराण होतो. उणे दोन म्हणजे चौथाई उजेड. फोटो काळवंडणार नाही तर काय!

यावर उपाय साधा आहे. कॅमेरा हाती आला की पाच प्रश्न विचारावेत. वरची गोल चकती कोठे आहे? आयएसओ किती? भरपाई शून्यावर आहे का? व्हाइट बॅलन्स उन्हाचा आहे की बल्बचा? भिंगावरचा खटका आपोआप फोकसवर आहे की हाताच्या? बल्बची खूण उन्हात राहिली की चित्र निळे पडते. शटर एक-पंधरांश सेकंदावर राहिले की हात हलल्याची खूण उमटते. चकतीवरच्या अक्षरांनीही दबून जाऊ नये. निकॉनवर जे ‘एस’, तेच कॅननवर ‘टीव्ही’. त्याचा दूरदर्शनशी काही संबंध नाही. दोन्हींत शटरचा वेग आपण ठरवायचा आणि छिद्र कॅमेऱ्याने.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? ‘ऑटो’वर ठेवावे, झाले! घाईच्या वेळी तसे जरूर करावे. पण ऑटोची बुद्धी किती, हेही पाहावे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सारे जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. तुकोबांची पालखी यवत-वरवंडवरून जाते तेव्हा चौकटभर पांढरी धोतरे-टोप्या असतात; तो त्यांना करडे करून टाकतो. कुकडीच्या पात्रातल्या निघोजच्या कुंडांवर चौकटभर काळा पाषाण असतो. तो त्याला फिकट करतो. पहिल्या ठिकाणी भरपाई अधिक एक हवी, दुसऱ्या ठिकाणी उणे एक. म्हणजे काल ज्या आकड्याने फोटो बिघडवला, तोच आज तो सुधारतो. परंतु पूर्ण ऑटोत हा आकडा बहुधा बदलताच येत नाही. भुलेश्वराच्या अंधाऱ्या मंदिरात तर ऑटो फ्लॅश उडवून मोकळा होतो, आणि मूर्तींवरच्या छायाप्रकाशाची सारी गंमत जाते.

आता थोडे स्पष्ट बोलतो. पुष्कळ महाविद्यालयांत कॅमेरा कुलपात असतो. स्नेहसंमेलनात तो एखाद्या ‘जाणकारा’च्याच गळ्यात दिसतो, आणि हा जाणकार बहुधा मुलगाच असतो. बाकीच्यांना ‘हात लावू नका, सेटिंग बिघडेल’ एवढेच शिक्षण मिळते. सेटिंग बिघडत नसते, बदलते. आणि जे बदलते ते परत आणता येते. काही निकॉन कॅमेऱ्यांवर हिरव्या ठिपक्यांची दोन बटणे एकदम दाबून धरली की मुख्य सेटिंगे मूळपदावर येतात. ज्याला हे ठाऊक आहे त्याने ते सांगावे. गुरुकिल्ली म्हणून खिशात ठेवू नये.

माझी सूचना अशी : कॅमेऱ्याच्या पिशवीत वरील पाच प्रश्नांचा कागद ठेवावा. परत करताना सारे आकडे मूळ जागी आणण्याचा नियम करावा. प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थी-विद्यार्थिनीला दोन तास तो हाताळू द्यावा. एका वेळी एकच सेटिंग बदलायचे, एकाच वस्तूचे तीन फोटो काढायचे आणि फरक वहीत टिपायचा. या दोन तासांत जे कळेल ते दहा व्याख्यानांनी कळणार नाही.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. पाण्याखाली गेलेल्या गावांच्या वेशींची, पारांची किती छायाचित्रे आज कुणाच्या घरी सापडतील? आपली गावेही डोळ्यांदेखत बदलत आहेत. ती टिपणारे हात गावागावांत हवेत, एकट्या जाणकाराचे पुरणार नाहीत. कपाटाचे कुलूप तेवढे काढा. अंगण सरळच आहे.