जागा सपाट करण्याआधी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, महाबळेश्वरात, वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० मिलिमीटर झाला तरी वर्ष बरे गेले म्हणतात. सांगलीत कृष्णेचा पूर, तर जतला पाण्याचा टँकर. जमीनही अशीच बदलत जाते: घाटमाथ्यावर जांभा, नदीकाठी खोल काळी माती. तरीही या सगळ्या मुलखात आज घर उभे राहते ते एकाच साच्याचे. सारखे कॉलम, सारखा स्लॅब, चारी बाजूंना सारखीच मोकळी जागा.

या साच्याच्या बाजूने पहिला युक्तिवाद तंत्राचा केला जातो. पूर्वी साधने नव्हती म्हणून माणूस जागेपुढे नमत असे. आता जेसीबी डोंगर उतरवतो, मुरमाचा भराव सखल प्लॉट वर उचलतो, मग जागेची तमा कशाला? काँक्रीटचे बळ खरेच आहे. पण ते बळ घरापुरते असते, घराखालच्या आणि पाठीमागच्या जमिनीला ते मिळत नाही. घाटात उतार उभा कापला की वरच्या मातीचा आधार जातो. पावसाचे पाणी मातीतून झिरपत कातळावर येऊन थांबते आणि जड झालेली माती तिथूनच घसरते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, तेव्हा कोणाचे घर किती पक्के हा प्रश्नच उरला नाही.

भरावाचीही तीच गत आहे. सांगलीला आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. शहराच्या खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते आणि तिलाही पूर असला की कृष्णेचे पाणी मागे तुंबते. अशा ठिकाणी एकाने प्लॉट चार फूट उचलला, तर त्याच्या अंगणातले पाणी शेजाऱ्याच्या दारात जाते. शेजारीही मग भराव टाकतो, आणि पाणी वाहून नेणारा ओढा मधल्या मध्ये बुजतो. याला तंत्राचा विजय म्हणणे सोडून द्यावे.

दुसरा युक्तिवाद उलट्या दिशेचा आणि अधिक फसवा आहे. उतरते कौलारू छप्पर, भिंतीला दगडाचे क्लॅडिंग, दारात तुळशीवृंदावन, एवढे केले की इमारत मातीशी जोडली जाते, असे तो सांगतो. पाचगणी-महाबळेश्वरच्या कित्येक रिसॉर्टांनी हाच मार्ग धरला आहे. मात्र डोंगर सपाट करून वर कौले चढवल्याने त्या डोंगरावरचा घाव भरत नाही. जुने ते सगळे जागेला धरून होते, हेही खरे नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. तिथला दगड स्थानिक होता, पण जमीन हलली तेव्हा त्या भिंतींना एकत्र धरून ठेवणारे काही नव्हते.

जुन्यातून घ्यायचे ते रूप घेण्यापेक्षा विचार घ्यावा. वाईच्या घाटावर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये ढोल्या गणपतीचे देऊळ बांधले. ऐन नदीपात्राच्या कडेला बांधायचे म्हणजे पूर येणार हे ठरलेलेच. म्हणून गाभाऱ्यामागची भिंत सरळ न घेता माशाच्या आकाराची, पुढे निमुळती होणारी बांधली. लोंढा तिच्यावर आदळून दोन्ही बाजूंना फुटतो. पूर नसता तर ही भिंत सुचलीच नसती. देवळाचे सगळ्यात देखणे अंग त्या अडचणीनेच घडवले आहे.

हाच विचार आजच्या काँक्रीटमध्येही बसतो. श्रीलंकेत वास्तुविशारद जेफ्री बावा यांनी कंदलामा हॉटेल कड्याला बिलगून, खांबांवर उचलून बांधले; कातळावरून येणारे पावसाचे पाणी इमारतीखालून निघून जाते. पाचगणीच्या उतारावर घर टप्प्याटप्प्याने उतरवणे आणि ओहोळाला खालून वाट देणे याच जातीचे आहे. सांगलीत तळमजला आरपार मोकळा ठेवावा, आडव्या भिंती टाळून पाण्याला वाट द्यावी, विजेचे मीटर पहिल्या मजल्यावर न्यावेत. आज ते जिन्याखाली, कमरेच्या उंचीवर असतात. पिण्याच्या पाण्याची टाकी जमिनीखाली असते आणि पूर ओसरल्यावर तिच्यातून आधी गाळ उपसावा लागतो. काळ्या मातीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिथे उथळ पाया सोडून अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर असलेले खोल खांब, घ्यावेत. माण-जतकडे धाब्याच्या घरांचे जाड छत ऊन अडवायचे. उघडा स्लॅब ते करत नाही, म्हणून त्यावर उष्णतारोधक थर हवा.

राहिला खर्चाचा आक्षेप. जागेला धरून बांधणे हे श्रीमंतांचे चोचले, असे म्हणणाऱ्यांनी भरावाचे ट्रक, डोंगर कापण्याचे तास आणि मागची उंच संरक्षक भिंत यांचे बिल त्यात धरलेलेच नसते. जागा समजून घेणे तर महाग नसतेच. पुराची निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही नकाशावर आखलेल्या असतात. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. मोजणी करून समोच्च रेषांचा नकाशा तयार करायला एकूण खर्चाचा अगदी लहान हिस्सा लागतो. बहुतेक ठिकाणी तो नकाशा होतच नाही, आणि झालाच तर जेसीबी येऊन गेल्यानंतर होतो.