महासंगणकाचे मर्म जाळ्यात

महासंगणकाचा विषय निघाला की आपली वृत्तपत्रे दोनच प्रश्न विचारतात : वेग किती आणि जागतिक क्रमवारीत स्थान कितवे? त्यातील हजारो प्रक्रियक परस्परांशी कोणत्या मार्गाने बोलतात, हे कोणी विचारीत नाही. मर्म तर तेथेच आहे.

साधे गणित पाहा. ६४ प्रक्रियक प्रत्येकाला प्रत्येक असे थेट जोडायचे तर २०१६ जोडण्या लागतात. आठ बाय आठच्या जाळीत प्रत्येकाला फार तर चार जोडण्या पुरतात. पण एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात संदेश जाण्यास १४ टप्पे पडतात. जाळीच्या समोरासमोरच्या कडा जोडल्या की कमाल अंतर ८ वर येते. 'हायपरक्यूब' रचनेत ते ६ होते, मात्र तेथे प्रत्येकाला सहा जोडण्या हव्यात. तारांची काटकसर साधावी तर विलंब वाढतो. हा झगडा ज्याला सोडविता येत नाही, त्याचे महागडे प्रक्रियक एकमेकांची वाट पाहत स्वस्थ बसून राहतात!

पुण्याच्या 'सी-डॅक'ने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला, तेव्हा त्यातील ट्रान्सप्युटर ब्रिटिश बनावटीचे होते. डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे कर्तृत्व होते, ते या परक्या चिपांना एकाच कामाला जुंपण्यात. पुढे 'परमनेट' हे स्वतःचे जाळे आले. २००३ च्या 'परम पद्म'मध्ये त्याची दुसरी आवृत्ती होती. चीनच्या 'तिआन्हे-१ए'ने २०१० मध्ये जगात पहिला क्रमांक मिळविला, तोही अमेरिकी प्रक्रियक आणि स्वतःचे जाळे यांच्या बळावर. शत्रूची म्हणून ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

'इन्फिनिबँड' बाजारात तयार मिळते, मग हा खटाटोप कशाला, असे आपले व्यवहारचतुर विद्वान विचारतात. त्यांनी एवढेच आठवावे : ते पुरविणारी इस्रायलची मेलानॉक्स कंपनी २०२० मध्ये एनव्हिडियाने विकत घेतली. म्हणजे चिपाचा आणि चिपांमधील रस्त्याचा मालक आता एकच. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने प्रगत चिपांच्या निर्यातीवर देशवार मर्यादा जाहीर केल्या, तेव्हा निर्बंधमुक्त मित्रांच्या यादीत भारत नव्हता. मे महिन्यात तो नियम मागे घेतला गेला. पण घेणारे आपण नव्हतो.

राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ मध्ये ४५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने मंजूर झाले. 'सी-डॅक'ने 'त्रिनेत्र' हे स्वदेशी जाळेही घडविले आहे. यापुढे सरकारी पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या निविदेत जाळे कोणाचे, हा रकाना सक्तीचा करावा; आणि 'त्रिनेत्र' डावलायचे असेल तर त्याचे कारण लेखी नोंदवावे.