नक्कल झाली म्हणून हात आखडू नका

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात संगणकावरील खेळ बनविणाऱ्यांचा वार्षिक मेळा भरला. एकीकडे नव्या खेळांचे प्रदर्शन, दुसरीकडे पुरस्कार समारंभ. त्यात रामी इस्माईल या हॉलंडच्या मुस्लिम तरुणाला 'ॲम्बेसेडर' पुरस्कार मिळाला. त्याचे वडील मूळचे इजिप्तचे. देशोदेशीच्या नवोदितांना मदतीचा हात दिल्याबद्दल हा गौरव होता. पण आमच्या कारागीर बंधूंनी त्याची आधीची वाटचाल पाहावी.

२०१० मध्ये रामी व त्याचा भागीदार यान विलेम नाइमन यांनी उट्रेख्त शहरात 'व्लाम्बीर' ही छोटी कंपनी काढली. मासेमारीचा एक खेळ बनविला. त्याची सुधारित आवृत्ती तयार होत असतानाच, २०११ मध्ये दुसऱ्या कंपनीने त्याच धर्तीचा खेळ विकायला काढला. दोघे खचले, काम रखडले. परंतु मूळ कल्पना कोणाची हे त्यांनी उघडपणे सांगितले आणि आणखी दोन जोडीदारांसह २०१३ मध्ये 'रिडिक्युलस फिशिंग' पूर्ण केला. त्याच वर्षी त्याला ॲपल कंपनीचा डिझाइन पुरस्कार मिळाला.

हे दुखणे आपल्याला नवे नाही. नवी नक्षी बाजारात गेली की चार दिवसांत शेजारच्या दुकानात दिसते. म्हणून आपले कित्येक कारागीर नमुने लपवून ठेवतात, प्रदर्शनाला जात नाहीत आणि माल दलालाच्या हाती देतात. नाव दलालाचे होते. गिऱ्हाईक वस्तू हाताळताना काय बोलले, तेही कारागिराच्या कानी येत नाही.

यावर कायद्याचा आधार आहे. २००० च्या डिझाइन कायद्यानुसार कापडावरील नक्षी, भांड्याचा आकार, दागिन्याची घडण यांची नोंदणी करता येते. संरक्षण १० वर्षांचे, ते आणखी ५ वर्षे वाढविता येते. मात्र नमुना लोकांसमोर मांडण्यापूर्वी अर्ज झाला पाहिजे. एकदा उघड झालेला नमुना नवा धरला जात नाही.

नक्कल करणाऱ्या बांधवांनाही आम्ही विचारतो, दुसऱ्याच्या मेहनतीवर मिळविलेली कमाई हलाल कशी म्हणावी?

रिझ्क देणारा अल्लाह आहे, पण प्रयत्न आपल्यावर सोपविला आहे. तेव्हा आधी नोंदणी करा, मग प्रदर्शनात गाळा घ्या आणि त्यात स्वतः उभे राहा.